बेस मॉडेलला बेस हवाच!

शोरूममध्ये किंमत ठरते, रंग ठरतो, चटया आणि मडफ्लॅप फुकटात पदरात पाडून घेण्यासाठी अर्धा तास घासाघीस होते, आणि मग गृहस्थांची नजर डॅशबोर्डच्या मधोमध जाऊन थांबते. तिथे काळं प्लास्टिकचं झाकण असतं. झाकणामागे पोकळी, पोकळीत गुंडाळून ठेवलेल्या वायरी. वॅगन-आरच्या एलएक्सआयसारखं सगळ्यात खालचं मॉडेल घेणाऱ्याला गाडीसोबत ही पोकळी मोफत मिळते. काही गाड्यांत स्पीकरच्या वायरी दारांपर्यंत आलेल्या असतात, काहींत कंपनीने तेवढीही तसदी घेतलेली नसते.

"वरच्या मॉडेलला टचस्क्रीन येते सर," सेल्समन हळूच सांगतो. वरच्या मॉडेलला टचस्क्रीनबरोबर आणखी बरंच काही येतं, म्हणून किंमतही बरीच वर जाते. हप्त्याचं गणित आधीच ताणून बसवलेलं असतं. "नुसत्या गाण्यांसाठी एवढे पैसे?" हा सौभाग्यवतींचा प्रश्न रास्त असतो. अशा नाजूक क्षणी मेहुणा पुढे होतो.

"दाजी, बाहेरून बसवू. पंधरा हजारांत गाडीचं थिएटर करून देतो."

मराठी मध्यमवर्गाची निम्मी खरेदी मेहुण्याच्या शब्दावर होत आलेली आहे, त्यात आणखी एकीची भर पडते.

हौस तशी जुनी. अमेरिकेत गॅल्विन कंपनीने १९३० साली गाडीत बसवायचा रेडिओ काढला आणि त्याला मोटोरोला असं नाव दिलं. तो बसवायला छताचं अस्तर उसवून आत एरिअल टाकावी लागे, आणि खर्च नव्या गाडीच्या किमतीच्या पाचव्या हिश्शाच्या आसपास जाई. आपल्याकडे फियाट आणि ॲम्बॅसडरच्या जमान्यात कॅसेटचा टेप आला, मागच्या काचेखालच्या फळीवर दोन लंबगोल स्पीकर आले. पुढे चोरीच्या भीतीने सुटा निघणारा पॅनल आला. गाडी लावली की तो काढून जवळ ठेवायचा. लग्नाच्या पंगतीत एखाद्याच्या शर्टाच्या खिशातून पॅनल डोकावत असला म्हणजे त्याच्याकडे गाडी आहे आणि गाडीत पायोनियर किंवा सोनी आहे, हे सगळ्या पंगतीला कळे. चोरापासून लपवायची वस्तू पाहुण्यांना दाखवायची इतकी उत्तम सोय दुसरी झाली नाही.

तर शनिवारी सकाळी दाजी, मेहुणा आणि नवी गाडी पुण्याच्या नाना पेठेत दाखल होतात. मुंबईकर याच कामासाठी कुर्ल्याच्या सीएसटी रोडला जातो. गल्ली कुठलीही असो, गाडी नीट उभी राहायच्या आत दुकानदाराने तिचं मॉडेल आणि मालकाचं बजेट ओळखलेलं असतं.

"शेठ, नऊ इंची अँड्रॉइड टाका. मागचा कॅमेरा आपल्याकडून फ्री."

नऊ इंची स्क्रीनला नाही म्हणणारा मनुष्य अजून जन्मायचा आहे. तिच्यावर नकाशा दिसतो, यूट्यूब दिसतं, बंद पडली तर स्वतःचा चेहरा दिसतो. पंधरातले सात-आठ हजार तिथेच संपतात. गंमत एवढीच, की स्क्रीन गात नाही. गातो तो स्पीकर. पण स्पीकर दाराच्या आत जाऊन बसतो आणि स्क्रीन साऱ्या सोसायटीला दिसते. कमी पैशांतल्या कार ऑडिओचा सगळा घोळ इथून सुरू होतो. जे दिसतं त्याच्यावर पैसे आधी जातात, जे ऐकू येतं त्याला उरलेसुरले मिळतात, आणि जे दिसतही नाही आणि कोणाला सांगताही येत नाही, त्याच्या वाट्याला दोन रुपयेही येत नाहीत.

उरल्यासुरल्यात स्पीकर घ्यायचे म्हणून खोक्यांचं वाचन सुरू होतं. एकावर ३०० वॅट, दुसऱ्यावर ३६०, तिसऱ्यावर ५००. मेहुणा ५०० कडे झुकतो. नव्वदच्या दशकात घरोघरी जे टू-इन-वन असत, त्यांच्यावर 'पीएमपीओ' या चार अक्षरांमागे असेच हजार-दोन हजार वॅट छापलेले असायचे आणि ते यंत्र सेलवरही चालायचं. चारचाकीच्या खोक्यावर तीच परंपरा 'पीक' किंवा 'मॅक्स' या नावाने पुढे चालू आहे. खरा आकडा बारीक अक्षरात, बहुधा खोक्याच्या तळाशी असतो. त्याच्यापुढे 'आरएमएस' लिहिलेलं असतं आणि तो वरच्या आकड्याच्या चौथ्या-पाचव्या हिश्शाएवढा भरतो.

डॅशबोर्डमधल्या सेटची गोष्ट तर आणखी मजेदार. नामांकित कंपनीच्या सेटवरही '५० गुणिले ४' असं ठसठशीत छापलेलं असतं. पण सेटच्या पाठीवर एक फ्यूज असतो, बहुतेक वेळा १० किंवा १५ ॲम्पिअरचा, आणि फ्यूजला जाहिरात करता येत नाही. इंजिन चालू असताना गाडीच्या वायरिंगमध्ये साधारण १४ व्होल्ट असतात. चौदा पंधरे दोनशे दहा. म्हणजे सेटच्या पोटात जास्तीत जास्त २१० वॅट वीज जाणार, त्यातल्या निम्म्याच्या आसपास विजेची उष्णता होणार, आणि उरलेली चार स्पीकरांत वाटली की एकेकाच्या पदरात वीस-पंचवीस वॅट पडणार. मग ज्या बिननावाच्या सेटवर १००० वॅट असं सोनेरी अक्षरात लिहिलंय आणि ज्याचा फ्यूज मात्र पंधराचाच आहे, त्याच्याबद्दल काय बोलावं?

बरं, वीस वॅट काही थोडे नाहीत. वॅट दुप्पट केले तर आवाज दुप्पट होत नाही. तीन डेसिबलने वाढतो, म्हणजे लक्ष देऊन ऐकलं तर कळतो. कानाला दुप्पट वाटायला वॅट दहापट लागतात. म्हणून खोक्यावर वॅटच्या शेजारी कोपऱ्यात 'सेन्सिटिव्हिटी' नावाचा जो आकडा असतो, तो जास्त कामाचा. ८९ डेसिबलऐवजी ९२ चा स्पीकर घेतला तर त्याच आवाजाला निम्मी वीज पुरते. हा आकडा विचारणारं गिऱ्हाईक आलं की दुकानदार पोराला चहा सांगतो, कारण पुढचा अर्धा तास हे गिऱ्हाईक हलणार नाही हे त्याला अनुभवाने ठाऊक असतं.

कंपनी कोणती, हा पुढचा वाद. जेबीएल की इन्फिनिटी यावरून मित्रामित्रांत बोलणं बंद झालेलं आहे. दोन्ही नावं हरमन या एकाच घरातली, आणि ते अख्खं घर २०१७ साली सॅमसंगने विकत घेतलं. भांडणारे कोणत्याही बाजूने भांडले तरी पैसे एकाच खिशात जातात. या हरमनचा कारखाना आपल्या चाकणला आहे. चाकणलाच महिंद्राची बीई ६ ही विजेवर चालणारी गाडी तयार होते आणि तिच्या वरच्या मॉडेलमध्ये हरमन कार्डनचे सोळा स्पीकर असतात. सोळा! चाकणच्या चौकात संध्याकाळी जी कोंडी होते, ती पाहिली की एवढे स्पीकर तिथेच का लागतात याचा उलगडा होतो.

आपल्या दाजींना सोळा नकोत, दोन चांगले हवेत. पुढच्या दारांत साडेसहा इंचाचे, बऱ्या नावाचे, तीन-साडेतीन हजारांना जोडी मिळते. त्यात बारीक स्वरांचा ट्विटर मोठ्या स्पीकरवरच बसवलेला कोॲक्सियल आणि ट्विटर सुटा असलेला कंपोनंट, असे दोन प्रकार. बारीक, तार स्वर सरळ रेषेत जातात. स्पीकर दारात खाली असला की ते ड्रायव्हरच्या पोटरीवर आपटतात आणि कान कोरडे राहतात. सुटा ट्विटर आरशापाशी, कानाच्या पातळीला बसवता येतो. हे पारखायचं असेल तर डिस्कोची गाणी लावण्यात अर्थ नाही, भजन लावावं. झांज झांजेसारखी वाजली, पत्र्यासारखी नाही, तर ट्विटर चांगला. पखवाजाच्या कणकेच्या पुडीवरची थाप घुमून लगेच थांबली तर खालचा स्पीकर चांगला. थाप संपल्यावरही घूम रेंगाळत राहिली तर तो पखवाज नव्हे, गाडीचं दार वाजतंय.

आणि दारच तर वाजत असतं! घरातला स्पीकर लाकडी पेटीत असतो. गाडीत ती पेटी म्हणजे दार, आणि बेस मॉडेलचं दार हा तेलाचा रिकामा डबा असतो. बोटाने टकटक केलं तरी कळतं. स्पीकरचा पडदा पुढे येतो तेव्हा पुढची हवा दाबली जाते आणि मागची विरळ होते. या दोन लाटा एकमेकींना भेटल्या की जाड स्वर एकमेकांना गिळून टाकतात. दाराच्या आतल्या पत्र्याला काच वर-खाली करणाऱ्या यंत्रणेसाठी मोठमोठी भोकं असतात, त्यातून या लाटा खुशाल ये-जा करतात. उपाय म्हणजे डॅम्पिंग. एका बाजूला ॲल्युमिनियमची फॉइल, दुसऱ्या बाजूला चिकट ब्यूटाइल रबर, असा जाड पत्रा (खरं तर चादरच) आतून चिकटवायचा आणि ती भोकं बुजवायची. पुढच्या दोन दारांना तीन-चार हजारांत काम होतं. साध्या स्पीकरात यामुळे जो फरक पडतो, तो ॲम्प्लिफायर लावूनही पडत नाही. वर दार बंद करताना 'खण्ण' ऐवजी 'धप्प' असा आवाज येतो, आणि त्या एका धप्पसाठी लोक जर्मन गाड्या घेतात.

पण डॅम्पिंग कोणाला दाखवणार? "दाराच्या पॅडच्या आत काळी चादर लावलीये," हे वाक्य शेजाऱ्याला ऐकवण्यात काडीची मजा नाही. म्हणून मेहुणा म्हणतो, "दाजी, ते राहू द्या. त्यात वूफर येईल."

वूफर ठेवायचा तर डिक्की लागते. आता, काटकसरीने घेतलेल्या गाडीत सीएनजी असतोच, आणि डिक्कीत आडवा सिलिंडर असतो. त्याच्यापुढे बारा इंची खोकं ठेवलं तर कोकणात जाताना सामान आजीच्या मांडीवर येतं. येताना तर आजीच्या मांडीवर फणस असतो. यातून निघालेली वाट म्हणजे सीटखाली सरकवायचा चपटा वूफर, ज्याच्या पोटातच ॲम्प्लिफायर असतो. दहा हजारांच्या पुढेमागे जातो, म्हणजे एकंदर बजेट कधीच मोडलेलं असतं, पण तोवर कोणी हिशेब करत नसतं. तो चांगला वाजतो. छाती हलवणार नाही. बसणाऱ्याच्या बुडाखाली सौम्य गुदगुल्या करील. बंद गाडीच्या लहानशा जागेत जाड स्वर आपोआप फुगतात, त्यामुळे चार माणसांच्या ऐकण्याला तेवढा पुरतो.

फिटिंग सुरू झालं की मालकाने दूर जाऊन चहा प्यावा, असा एक मतप्रवाह आहे. दुसरा मतप्रवाह असा, की तिथेच उभं राहावं. दुसरा बरोबर आहे. नवी कोरी गाडी, आणि विशीतला पोरगा तिच्या दाराच्या फटीत पट्टी घालून 'कट्ट कट्ट' करत पॅड उपटतो, हे दृश्य पाहवत नाही, पण पाहावं लागतं. "काही नाही होत साहेब, क्लिपा असतात." दोन क्लिपा उडून गटारात जातात. मग तो कंपनीच्या वायरी कापायला पक्कड उचलतो, आणि नेमक्या याच क्षणी मालकाने "कपलर लाव" असं म्हणायचं असतं. त्या गाडीचा कपलर काहीशे रुपयांना मिळतो, कंपनीच्या खाचेत जसाच्या तसा बसतो आणि एकही वायर कापावी लागत नाही. वायर कापली की वायरिंगची वॉरंटी गेली, हे सर्व्हिस सेंटरने सांगायची वाट पाहू नये.

ॲम्प्लिफायर किंवा वूफर असेल तर बॅटरीपासून स्वतंत्र वायर ओढावी लागते. ती तांब्याची हवी. बाजारात तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची वायर त्याच जाडीची, त्याच रंगाची आणि बरीच स्वस्त मिळते. टोक खरवडलं की आतला पांढरा धातू दिसतो. फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ लावायचा, ॲम्प्लिफायरजवळ नाही, कारण मधली सगळी वायर इंजिनाच्या गरम पत्र्याला घासत जाते आणि आग लागली तर तिथे लागते. अर्थिंगचा स्क्रू रंग खरवडून उघड्या पत्र्यावर. हे केलं नाही तर एक वेगळंच संगीत ऐकू येतं: ॲक्सिलरेटर दाबला की स्पीकरातून शिट्टी, जास्त दाबला की वरच्या पट्टीतली शिट्टी. गिऱ्हाईक तक्रार घेऊन आलं की दुकानदार "सर, डिझेल गाडीत थोडं येतंच" असं सांगतो. गाडी पेट्रोलची असते.

यापुढचा प्रकार पाहायचा तर नाना पेठ सोडून उसाच्या पट्ट्यात जावं लागेल. सांगली, कोल्हापूर, सातारा, सोलापूर भागात कारखान्यांचा हंगाम सुरू झाला की रस्त्यावर ट्रॅक्टर येतात. पुढे ट्रॅक्टर, मागे दोन ट्रॉल्या, ट्रॉल्यांवर माणसाच्या दुप्पट उंचीचा ऊस, आणि मडगार्डवर किंवा टपाखाली स्पीकरांची भिंत. खरं पाहता ट्रॅक्टर ही ध्वनिशास्त्राच्या दृष्टीने जगातली सर्वात वाईट जागा. दार नाही, काच नाही, म्हणजे जाड स्वर फुगायला बंदिस्त हवा नाही. आणि ड्रायव्हरच्या पायापुढे डिझेल इंजिन फडफडतंय. मोटारीत जिथे वीस वॅट पुरतात, तिथे ट्रॅक्टरला शेकड्यांनी लागतात. नाजूक ट्विटर चालत नाहीत, भोंग्याचेच लागतात. मग जादा बॅटरी येते, मोठा ॲम्प्लिफायर येतो, लुकलुकणारे दिवे तर येतातच. या कलाकारांनी बजेटचं बंधन कधीच झुगारलेलं आहे. टेप नसलेल्या ट्रॅक्टरवर ड्रायव्हर टिकत नाही, असं मालक सांगतात, आणि रात्रभर कारखान्याच्या गव्हाणीपुढे रांगेत बसणाऱ्या माणसाला गाणं लागतं हेही खरं. पण याच आवाजात मागच्या एसटीचा हॉर्न त्याला ऐकू जात नाही, ओव्हरटेक करू पाहणारा दुचाकीवाला ट्रॉलीच्या कडेला अडकतो, आणि म्हणून हंगाम आला की पोलीस आणि आरटीओ टेपबद्दल बजावत असतात. गाडीतला आवाज गाडीबाहेरच्या माणसासाठी असतो, ही समजूत इथे टोकाला गेलेली दिसते. पंधरा हजारांची सिस्टीम लावून सिग्नलला काच खाली करणारे गृहस्थ त्याच वाटेवरचे, फक्त मागे ट्रॉली नाही.

एवढं सगळं बसवून झाल्यावर दाजी गाडीत बसतात, पेन ड्राइव्ह लावतात आणि 'सैराट'मधलं गाणं सुरू होतं. अजय-अतुल यांनी या चित्रपटाच्या संगीतासाठी हॉलीवूडमधल्या सोनी स्कोअरिंग स्टेजवर सिंफनी ऑर्केस्ट्रा वाजवून घेतला होता. पेन ड्राइव्हवरची फाइल पुतण्याने कुठूनतरी १२८ केबीपीएसला उतरवलेली असते. सीडीवर तेच संगीत सेकंदाला १,४११ किलोबिट घेतं. म्हणजे अकरातले दहा भाग पुतण्याच्या पेन ड्राइव्हपर्यंत पोचलेच नाहीत. स्पीकर बिचारा उरलेला अकरावा भाग इमानेइतबारे वाजवतो आणि शिव्या खातो. मोबाइलच्या ॲपमध्ये आवाजाची प्रत 'हाय' करून ठेवायला पैसे पडत नाहीत, पण हे सुचवण्यात दुकानदाराला रस नसतो.

पैसे न पडणाऱ्या गोष्टी आणखीही आहेत. स्पीकरच्या दोन तारांपैकी एकाच दारात अधिक-उणे उलटं जोडलं गेलं, तर एक पडदा पुढे येताना दुसरा मागे जातो आणि जाड स्वर गायब होतात. नव्या सिस्टीममध्ये "दम नाही" म्हणून लोक वूफर घ्यायला परत येतात, तेव्हा बऱ्याचदा रोग एवढाच असतो. पेन्सिल सेल घ्यावा, सेलचं अधिक टोक स्पीकरच्या अधिकला आणि उणे उणेला क्षणभर टेकवावं. 'टक्' असा आवाज होऊन पडदा केसभर बाहेर यायला हवा. आत गेला तर तारा उलट. पॅड बसायच्या आधी हे पाहिलं तर परत क्लिपा तोडाव्या लागत नाहीत. पॅड बसल्यावर पाहायचं झालं तर १९५० च्या दशकातलं एखादं मराठी भावगीत लावावं. तेव्हाचं ध्वनिमुद्रण मोनो, दोन्ही बाजूंना सारखंच. गायकाचा आवाज डॅशबोर्डच्या मधोमध यायला हवा. तो गाडीभर पातळ पसरला तर कुठलं तरी दार उलट बोलतंय.

राहता राहिली खडखड. नंबर प्लेटच्या मागे फोमची पट्टी, दाराच्या खिशातली सुटी नाणी आणि गेल्या दिवाळीची पार्किंगची पावती बाहेर, टायरमध्ये कंपनीने सांगितली तेवढीच हवा. कोकणच्या रस्त्यावर खिडक्या बंद ठेवून ऐंशीच्या वेगाने जाताना टायरचा आणि वाऱ्याचा आवाजच एवढा असतो की त्यावर मात करायला दाजी आवाज वाढवतात, आवाज वाढला की दार खडखडतं, आणि खडखड ऐकू येऊ नये म्हणून ते आणखी वाढवतात.

तेव्हा पंधरा हजार हातात असतील तर आधी पुढची दोन दारं आणि पुढचे दोन स्पीकर, कपलरसकट; ब्लूटूथचा साधा, छोट्या पडद्याचा पण नावाजलेल्या कंपनीचा सेट; मागचे स्पीकर नसले तरी चालतील, मागे बसणाऱ्यांना तसंही बोलायचंच असतं. वूफर पुढच्या बोनसला. रात्री दहा ते सकाळी सहा काच वर, हे २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनाही धरून आहे. आणि डॅशबोर्ड उघडल्यावर पिवळ्या आवरणातली किंवा पिवळ्या कपलरची वायर दिसली तर पोराचा हात तिथेच धरा. ती एअरबॅगची आहे. तिच्यातून ॲम्प्लिफायर चालू करायची रिमोट वायर काढू देऊ नका.